पाडव्याच्या आदल्या दिवशी मी आडवी झाले

हे मी कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. सूर्यकांतभाऊंनी माझ्यावर हात ठेवून तसं बजावलंसुद्धा होतं. "हे बघ बाई, तू काही पाहिलं नाहीस आणि काही ऐकलं नाहीस." काठीला असं कुणी बजावतं का? पण ते फार घाबरले होते, म्हणून मी गप्प राहिले. आता त्या गोष्टीला पाच वर्षं झाली आहेत आणि ज्याच्यासाठी गप्प राहायचं होतं तोच ती गोष्ट सगळ्यांना हसत सांगत सुटला आहे. मग मीच का तोंड बंद ठेवू?

होय, मी एक काठी आहे. चिवारीच्या बांबूची, सहा फूट उंच, आतून भरीव. माझा जन्म कोकणात एका वहाळाच्या काठी झाला. तिथे आम्ही शंभरेक बहिणी वाऱ्यावर एकमेकींच्या अंगावर रेलून उभ्या असायचो. एके दिवशी मला तोडलं आणि आंब्याच्या पेट्या घट्ट राहाव्यात म्हणून त्यांच्यामध्ये खुपसलं. अशी मी पेट्यांबरोबर बोटीने दुबईला आले. आंबे मोठ्या थाटात दुकानात गेले. मी गोदामाबाहेर पडून राहिले.

ते गोदाम मुश्ताकभाईंचं. ते रत्नागिरीकडचे. शारजात ज्या इमारतीत ते राहतात, तिथेच समोरच्या दारात सूर्यकांतभाऊ, त्यांची बायको सत्यभामावहिनी आणि मुलगी सोनम राहतात. मी येण्याच्या आदल्या वर्षी वहिनींना पाडव्याला काठी मिळाली नव्हती, म्हणून त्यांनी फरशी पुसायच्या मॉपच्या दांड्यावर गुढी उभारली होती. खालच्या मजल्यावरच्या एका बाईंनी वर येऊन काळजीने विचारलं होतं, की तुमच्या मॉपला साडी का नेसवली आहे? तो अपमान वहिनी विसरल्या नव्हत्या. मुश्ताकभाईंच्या बायकोने, मैमुनाबींनी, मला गोदामाबाहेर पाहिलं आणि घरी घेऊन आल्या.

"घे गो सत्यभामा, तुझा मॉप आता फरशी पुसू दे."

तेव्हापासून वर्षातला एक दिवस मी गुढी असते. अंगाला हळदकुंकू, डोक्यावर तांब्या, जरीचा खण, कडुलिंब, साखरेची गाठी. बाकीचे सगळे दिवस मी ओले कपडे उंच दोरीवर चढवते. सकाळी सूर्यकांतभाऊंची बनियन, दुपारी सोनमचा शाळेचा फ्रॉक. या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त मोजे मला आवडत नाहीत.

इंग्रजी मी सोनममुळे शिकले. ती घरात मराठीतून ओरडा खाते आणि इंग्रजीतून उत्तर देते.

आता रामेश्वरची ओळख करून देते, कारण ही गोष्ट त्याची आहे. रामेश्वर सुतार सूर्यकांतभाऊंच्या गावचा. दोघे एकाच कंपनीत कामाला होते. ती कंपनी कार्यक्रमांसाठी स्टेज उभारून द्यायची. भाऊ दिवे लावायचे, रामेश्वर लाकूडकाम करायचा. दर शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा आणि जेवून झालं की पाट, खुर्च्या, दरवाजे हलवून बघायचा. एखादं डगमगलं की त्याचा चेहरा खुलायचा.

रामेश्वरचं काम इतकं चोख होतं की नजर लागावी. फक्त ते भलत्या ठिकाणी व्हायचं. एकदा त्याने स्टेजला सुंदर जिना केला, पण तो मागच्या बाजूने. त्यामुळे प्रमुख पाहुणे भाषण संपवून जे उतरले, ते पडद्यामागे समोशांच्या ट्रेमध्येच पोहोचले. दुसऱ्या वेळी त्याने स्वागताची पाटी अशी भक्कम ठोकली की ती उलटी आहे हे कळल्यावरही कुणाला काढता येईना. दोन्ही वेळा कंपनीचे मॅनेजर वलीसाहेब यांनी त्याला वॉर्निंगचं पत्र दिलं होतं.

"तीसरा लेटर नहीं मिलेगा, रामेश्वर," ते म्हणाले होते. "तीसरी बार टिकट मिलेगा. घर का."

आणि घरी तर रामेश्वरने मोठी उडी मारून ठेवली होती. जुन्या घराचं छप्पर उतरवून नवं चढवायचं काम त्याने काढलं होतं. कौलं अंगणात, भिंती उघड्या आणि बायको-आई शेजारच्या पडवीत राहत होत्या. जूनच्या आत छप्पर चढायला हवं होतं. नोकरी गेली असती तर त्या दोघींनी पावसाळा कुठे काढायचा, हा प्रश्न होता.

हे सगळं तो दर शुक्रवारी वरणभात कालवता कालवता सांगायचा आणि मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून ऐकायचे.

त्या शुक्रवारी मात्र तो जेवायला आला नाही. सूर्यकांतभाऊ एकटेच धापा टाकत आले. वहिनी समोर मैमुनाबींकडे गेल्या होत्या. भाऊंनी मला उचललं, ते वाक्य बजावलं आणि कंपनीच्या पिकअपमध्ये आडवं घातलं. माझं टोक बाहेर येत होतं, म्हणून नियमाप्रमाणे त्याला लाल फडकं बांधलं.

सुट्टी असूनही शारजाहून दुबईला जायचा रस्ता तुंबलेला होता. शेजारच्या गाडीतून एका मराठी माणसाने काच खाली केली.

"काय हो सूर्यकांत! पाडवा उद्या आहे. आजच गुढी घेऊन कुठे निघालात?"

"रंगीत तालीम!" भाऊ ओरडले आणि हॉर्न वाजवला. पुढच्या पिकअपलाही तो ऐकू गेला असावा, पण ती हलली नाही.

घडलं होतं ते असं. दुबईतल्या एका बागेत त्या संध्याकाळी वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावरच्या मंडळींचा नाचगाण्याचा कार्यक्रम होता. लहान मुलं, आजी-आजोबा, सगळ्यांनी यावं असा. स्टेजवर नारळाची खोटी बाग करायची होती आणि तिच्यात प्लास्टरचे तीन पोपट बसवायचे होते. पोपटांना बसायला तीन खांब हवेत, असं वलीसाहेबांनी रामेश्वरला सांगितलं. रामेश्वरने आजूबाजूला पाहिलं. स्टेजला टेकून एक जाड, पोकळ, रंगीत फिती गुंडाळलेला बांबू उभा होता. त्याने फिती नीट सोडवून घडी करून ठेवल्या. तीनदा माप घेतलं. मग तो बांबू कापून एक मोठा, एक मधला आणि एक छोटा असे तीन खांब केले, कडांवरून पॉलिश पेपर फिरवला आणि वर पोपट ठोकले.

तो बांबू त्या मंडळींच्या मुख्य नाचाचा होता. त्या नाचाला लिंबो म्हणतात. दोघांनी काठी आडवी धरायची आणि नाचणाऱ्यांनी मागे वाकून तिच्याखालून जायचं. काठीला अंग लागलं की तो बाद. दर फेरीला काठी आणखी खाली येते. हे सगळं रामेश्वरला ढोलवाल्याने तो बांबू शोधता शोधता समजावलं, पण तिसरा पोपट ठोकून झाल्यावर.

"दादा, मी मेलो," रामेश्वर मला पाहताच म्हणाला. माझ्याकडे इतक्या प्रेमाने त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

"रडू नकोस. फिती गुंडाळ," सूर्यकांतभाऊ म्हणाले. "आठ वाजता संपेल. नऊला ही घरी. सत्यभामाला कळता कामा नये. तिला कळलं तर वलीसाहेब परवडले."

रामेश्वरने मला फिती गुंडाळल्या. हिरवी, पिवळी, जांभळी. आरशात पाहायची फार इच्छा झाली, पण काठीला आरसा कोण दाखवणार?

एवढ्यात त्या मंडळींच्या प्रमुख मिस वेल्मा आल्या. उंच, धिप्पाड, डोक्याला केशरी कापड, आणि आवाज असा की पडद्यामागून कुजबुजल्या तरी पार्किंगमध्ये ऐकू यावं. त्या इंग्रजीत बोलायच्या. मी तुम्हाला मराठीत सांगते. त्यांनी मला हातात घेतलं आणि भुवया जवळ आणल्या.

"ही आज जड का लागते?"

रामेश्वरच्या कपाळावर घाम आला. "हीट, मॅडम," तो म्हणाला. "दुबई हीट. स्टिक... फॅट."

मिस वेल्मांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे पाहिलं, आणि मोठ्याने हसल्या. "मलाही आल्यापासून तसंच झालंय!"

पाच वाजता कार्यक्रम सुरू झाला. गवतावर चटया पसरून सगळी मंडळी बसली होती. समोरच्या रांगेत सत्यभामावहिनी, सोनम आणि मैमुनाबी डबे उघडून बसल्या. पास सूर्यकांतभाऊंनीच आधी आणून दिले होते. आता ते दिव्याच्या खांबामागे लपले.

एरवी आपल्याकडे तेल भरतात तसल्या पिंपांचे तळ ठोकून त्या लोकांनी वाद्यं केली होती. त्यांतून पाण्याच्या थेंबांसारखे सूर निघत होते. ढोल असे वाजत होते की मैमुनाबींच्या डब्यातल्या शेवया उडत होत्या. उंच काठ्यांवर चढलेला एक नाचणारा आला, तेव्हा मला वाटलं, कपडे वाळत घालायला हा आमच्याकडे असता तर किती बरं झालं असतं!

आणि या सगळ्याच्या मागे, नारळांच्या बागेत, मिस वेल्मांचा बांबू तीन ठिकाणी उभा राहून डोक्यावर पोपट घेऊन सगळं बघत होता. त्यांच्या अगदी पाठीमागे.

मग मला आडवं धरलं. आजवर मी उभीच कामाला यायचे. आडवं होऊन बघितलं की माणसं वेगळीच दिसतात. नाचणाऱ्या मुली गुडघे पुढे काढून, पाठ जमिनीला समांतर करून, हसत माझ्याखालून गेल्या. एकीचंही नाक मला लागलं नाही. मी श्वास रोखून धरला होता.

"आता तुम्ही या!" मिस वेल्मांनी प्रेक्षकांना बोलावलं.

मोठी रांग लागली. लहान मुलं वाकायची गरजच नसल्यामुळे ऐटीत चालत गेली. एक अरब आजोबा नातवाचं बोट धरून आले, कमरेवर हात ठेवला, मला डोळा मारला आणि बाजूने निघून गेले. त्यांच्यामागे आलेले एक काका वाकायला सुरुवात तर करत होते, पण पोटाने ते मान्य केलं नाही. मला ढकलत ढकलत ते तसेच चार पावलं गेले.

त्या धक्क्याने माझी पिवळी फीत सरकली. तिच्याखाली मागच्या पाडव्याचं हळदकुंकू होतं.

सत्यभामावहिनींचा घास हातात राहिला. "मैमुनाबी, ती काठी बघा."

"बघतंय मी. तुझीच हाय."

"आणि मी दुपारपासून वॉचमनला बोलतेय!"

वहिनी पदर खोचून रांगेत शिरल्या. त्यांना मला जवळून बघायचं होतं. त्यांची पाळी आली, ढोल जोरात वाजू लागला, सगळे ओरडले, "वाका, वाका!" वहिनींनी हळदकुंकवाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. खात्री पटली. आणि मग सवयीने, अगदी सवयीने, त्यांनी मला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि नमस्कार केला.

त्यांच्यामागे एक मराठी कुटुंब होतं. त्यांना वाटलं, इथे अशीच पद्धत असेल. त्यांनीही हात लावून नमस्कार केला. त्यांच्यामागच्या केरळी कुटुंबानेही केला. मैमुनाबींनी सलाम केला. एका फिलिपिनो मुलीने गुडघा वाकवला. पाहता पाहता रांगेतला एकही माणूस वाकून जाईना. सगळे शांतपणे येत, मला हात लावत आणि बाजूला होत. ढोलवाल्याचा ठेका चुकला. शेवटी गोंधळलेल्या मिस वेल्मांनीही हात जोडले.

माझ्या मनात आलं, एवढा मान तर पाडव्यालाही मिळत नाही.

पण तो आनंद फार टिकला नाही. मिस वेल्मांनी माईक घेतला. "आता आमच्या नाचाचा शेवट! आता या काठीला आग लावायची आणि जळत्या काठीखालून जायचं!"

एक जण रॉकेलची चिंधी घेऊन आला. दुसरा पाण्याची बादली घेऊन बाजूला उभा राहिला. म्हणजे तयारी पूर्ण होती. मला पाय असते तर मी त्या क्षणी कोकणात पोहोचले असते. दिव्याच्या खांबामागे सूर्यकांतभाऊंनी डोळे मिटून घेतले. हे त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

"थांबा!" सत्यभामावहिनी स्टेजवर चढल्या. "जाळू नका हो! नो फायर! उद्या पाडवा आहे!"

मिस वेल्मांना काही कळेना. त्यांनी माईक खाली केला, तो नेमका आईमागे धावत आलेल्या सोनमसमोर. आणि सोनम स्वच्छ इंग्रजीत बोलली.

"मिस, दॅट्स अवर स्टिक! युवर स्टिक इज अंडर द पॅरट्स!"

हिला हे कधी कळलं? मुलांना सगळं कळतं. खांबामागे दोन मोठी माणसं डोक्याला हात लावून बोलत असली, की मुलं खांबाच्या दुसऱ्या बाजूला आइसक्रीम खात उभी असतात.

सगळ्यांनी पोपटांकडे पाहिलं. वलीसाहेब स्टेजच्या कडेला आले. त्यांनी आवाज चढवला नाही, हे जास्त वाईट होतं.

"रामेश्वर," ते म्हणाले. "खलास."

रामेश्वर पुढे आला. लपला नाही, हे मी मुद्दाम सांगते. तो मिस वेल्मांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी कापला, मॅडम. माय मिस्टेक. दादाची चूक नाही. वहिनीची काठी जाळू नका." मग खाली बघून मराठीतच पुटपुटला, "घरावर छप्पर नाय माझ्या."

मिस वेल्मा नारळांच्या बागेत गेल्या. त्यांनी मोठा खांब उपटला, पोपट ओढून काढला आणि बांबू उलटा करून पाहिला. मग कानाजवळ नेला. मग स्टेजच्या फळीवर आपटला.

धुम्म!

असा आवाज माझ्या उभ्या आयुष्यात मी ऐकला नव्हता. जमिनीच्या पोटातून आल्यासारखा.

त्यांनी मधला आपटला. दुम्. छोटा खांब घेतला, तर त्याचा पोपट निघेना. रामेश्वरचं काम होतं ते. त्यांनी तो पोपटासकट आपटला. टिक्!

"खाली पेर तसंच ठेवलंयस," मिस वेल्मा म्हणाल्या. "तिन्ही तुकड्यांना. का?"

सोनमने विचारून सांगितलं. रामेश्वर म्हणाला, "पेराच्या खाली कापायचं असतं. तळ बंद राहिला की बांबू फाटत नाही. पोपटासाठी असला म्हणून काय झालं, काम नीटच करायला हवं."

मिस वेल्मांनी माईक घेतला आणि या वेळी त्या हळू बोलल्या. त्यांच्या बेटावर एके काळी सरकारने ढोल वाजवायला बंदी केली होती. तेव्हा त्यांच्या पणजोबांच्या पिढीने बांबू कापले, खालचं पेर तसंच ठेवून, आणि ते जमिनीवर आपटून नाच चालू ठेवला. विमानात एवढे बांबू कोण घेऊ देणार? म्हणून त्यांनी ते कधीच कुठे नेले नव्हते. "आणि आज इथे एका माणसाने न विचारताच ते कापून ठेवलेत," त्या म्हणाल्या. "न विचारता कापले, याबद्दल मी नंतर ओरडणार आहे."

मग त्या वलीसाहेबांकडे वळल्या. "आमचे इथे महिनाभर कार्यक्रम आहेत. हा माणूस मला रोज हवा. आणखी सहा बांबू कापून हवेत."

वलीसाहेबांनी रामेश्वरकडे पाहिलं. समोर टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीकडे पाहिलं. मग पोपटाकडे पाहिलं.

"कल सुबह सात बजे," ते म्हणाले. "और काटने से पहले मेरेको पूछना. हर चीज. ब्रेड भी."

आग लावलीच नाही. शेवटचा नाच त्या तीन बांबूंवर झाला. मोठा मिस वेल्मांकडे, मधला ढोलवाल्याकडे आणि पोपटाचा रामेश्वरच्या हातात. सुरुवातीला तो घाबरत आपटत होता. मग हात सुटला. सत्यभामावहिनी स्टेजवरून उतरायचं विसरल्या होत्या, त्यांनीही दोन पावलं टाकली. उतरल्यावर सूर्यकांतभाऊंना त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्याशी घरी बोलते." ते बोलणं पुढे तीन दिवस चाललं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे गुढी झाले. रामेश्वर सकाळीच बांबू कापायला गेला होता, पण दुपारी श्रीखंडाला हजर झाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या घरावर छप्पर चढलं. त्याने फोटो मागवून घेतला आणि आमच्या फ्रिजवर लावला. फोटोत नुसतं छप्परच आहे, माणसं नाहीत.

आता मिस वेल्मा दर वर्षी येतात. त्यांची नवी लिंबोची काठी आहे. पण प्रेक्षकांच्या फेरीला त्या मलाच मागतात, कारण इथले लोक अजून रांगेत येऊन मला नमस्कार करतात. मिस वेल्मांना वाटतं, आमच्या देशात लिंबो असाच नाचतात. त्यांचा गैरसमज कुणी दूर केलेला नाही. तुम्ही कधी आलात, तर माझी विनंती एवढीच की नमस्कार करा, पण थोडं वाकूनही बघा. गंमत वाकण्यात आहे. गेल्या वर्षी वलीसाहेब वाकले, तर त्यांना सरळ करायला चार माणसं लागली, पण ते हसत होते.

आज पुन्हा मी पडद्यामागे टेकून उभी आहे. शेजारी ते तीन बांबू आहेत. मी मोठ्याला मघाशी विचारलं, "कापताना दुखलं का रे?" तो म्हणाला, "दुखलं. पण आधी मी मुका होतो." मी भरीव आहे. मला कापलं तर असा आवाज निघायचा नाही, हे मला ठाऊक आहे. तरी खरं सांगू का? तो धुम्म ऐकला, की कधी कधी मलाही वाटतं, की रामेश्वरने एकदा तरी, अगदी टोकाकडून थोडंसंच, मला...

"चला काठीबाई, यल्ला! बोलावतायत! आणि थरथरू नका, करवत आज घरी ठेवून आलोय!"